पडदाभर चेहरा

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९चा. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक मुलगी येते, सहा-सात वर्षांची. तिचा चेहरा तेवढा दिसतो. मागे देखावा नाही, शेजारी कुणी नाही. आपल्याकडे तोंड करून ती एकेक भाव चेहऱ्यावर आणते, पुसते, पुन्हा दुसरा आणते. मग त्याच चौकटीत हळूहळू दुसरं चित्र उमटतं आणि मुलीच्या जागी कृष्ण दिसू लागतो. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पुढे चित्रपटभर तीच कृष्ण आहे.

मूकपटाच्या काळातल्या एखाद्या माणसाने देवाची गोष्ट सांगायच्या आधी ‘हा देव म्हणजे माझी मुलगी’ असं दाखवून का द्यावं? फाळके फोटोग्राफर होते, रवि वर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आलेला होता, आणि ते जादूचे प्रयोगही करत. जादूगार खेळाआधी बाह्या सरसावून हात रिकामे असल्याचं दाखवतो, तसंच हे असावं. त्याने चमत्कार कमी होत नाही, वाढतो. चित्र बदलण्याची युक्ती कॅमेऱ्यातच व्हायची: पहिलं चित्र घेताना भिंगाचं तोंड हळूहळू मिटत न्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची, आणि त्याच तुकड्यावर दुसरं चित्र हळूहळू उघडत घ्यायचं. पण मला त्या युक्तीपेक्षा चेहऱ्याचं जवळ असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलीचा चेहरा आधी इतका ओळखीचा झाला नसता, तर बदल कळलाच नसता.

चेहरा इतका जवळ आणायचं सिनेमाला सुचलं कसं? आज क्लोजअप इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुणीतरी शोधला, कुणाला तरी तो खटकला, आणि प्रेक्षकांना तो शिकावा लागला, हे खरं वाटत नाही.

अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात फ्रेड ऑट नावाचा एक कामगार होता. जानेवारी १८९४मध्ये डब्ल्यू. के. एल. डिक्सनने त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून शिंकायला लावलं. ऑट कमरेपासून वर दिसतो, तपकीर नाकाला लावतो आणि शिंकतो. पाचेक सेकंदांचा मामला. तेव्हा एडिसनचा सिनेमा पेटीला डोळा लावून एकेकट्याने बघायचा होता, त्यामुळे माणूस जवळून दिसण्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पुढच्याच वर्षी पॅरिसात ल्युमिएर बंधूंनी चित्रं भिंतीएवढ्या पडद्यावर टाकली, ७ जुलै १८९६ला ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली, आणि कॅमेरा मागे सरकला. पडदा म्हणजे रंगमंच असं सगळ्यांनी धरून टाकलं. नट डोक्यापासून पायापर्यंत दिसलाच पाहिजे, वर थोडं आकाश, खाली थोडी जमीन, आणि प्रेक्षक जणू तिसऱ्या-चौथ्या रांगेत मध्यभागी बसलेला. पुढची काही वर्षं बहुतेक चित्रपट असेच आहेत.

इथून जवळ येण्यासाठी सिनेमाला निमित्त लागलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह नावाचं गाव आहे. तिथला जॉर्ज अल्बर्ट स्मिथ आधी संमोहनाचे प्रयोग करणारा, मग मॅजिक लँटर्नचे खेळ करणारा. त्याने १९०० साली आजीच्या भिंगाची फिल्म केली. नातू आजीचं वाचायचं भिंग हातात घेतो आणि सगळीकडे रोखून बघतो. घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, मांजराचं पिल्लू. भिंगातून जे दिसतं ते पडद्यावर मोठं येतं, भोवती काळा गोल ठेवून. आजीचा डोळासुद्धा येतो, गरगर फिरणारा. काळ्या गोलाचं काम असं की, हे मोठं का दिसतंय ते प्रेक्षकाला कळावं, त्याने दचकू नये. त्याच वर्षी स्मिथने दुर्बिणीचं निमित्त करून आणखी एक फिल्म केली. आणि १९०३च्या आजारी मांजराच्या फिल्ममध्ये त्याने निमित्त टाकून दिलं. मुलं पिल्लाला चमच्याने पाजतात, आणि एकदम पिल्लू आणि चमचा पडदाभर. भिंग नाही, दुर्बीण नाही, काळा गोलही नाही. आपल्याला जवळून बघायचंय एवढंच कारण, आणि ते पुरलं. माझ्या मते क्लोजअपचा खरा जन्म त्या मांजराच्या पिल्लाशी झाला.

होव्हचाच जेम्स विल्यमसन याने १९०१मध्ये वेगळाच खेळ केला. फोटो काढल्यामुळे चिडलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे चालत येतो, येतच राहतो, तोंड उघडतो, आणि काळोखात कॅमेरा आणि कॅमेरावाला दोघांनाही गिळतो. चेहरा फार जवळ आला की तो अंगावर येतो, हे विल्यमसनला बरोबर कळलं होतं.

अंगावर येणाऱ्या चेहऱ्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण १९०३चं आहे. एडविन पोर्टरच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त दरोडेखोरांचा म्होरक्या, म्हणजे जस्टस बार्न्स हा नट, आपल्याकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. कथेशी त्या दृश्याचा धागा नाही. एडिसन कंपनीने विक्रीच्या कॅटलॉगात लिहूनच टाकलं होतं, की हे दृश्य खेळ करणाऱ्याने हवं तर सुरुवातीला लावावं, हवं तर शेवटी. चेहरा जवळ आणता येतो हे माहीत झालं होतं, तो गोष्टीत नेमका कुठे बसतो हे अजून माहीत नव्हतं. हे दृश्य इथेच सोडतो, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

चेहऱ्याची गोष्टीतली ती जागा पुढच्या दहा वर्षांत सापडली, आणि त्यात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि त्याचा कॅमेरामन बिली बिट्झर यांचा वाटा मोठा. १९११च्या ‘द लोनडेल ऑपरेटर’मध्ये तार ऑफिसातली एकटी मुलगी दरोडेखोरांना रोखून धरते. अंधारात तिच्या हातात चमकतंय ते पिस्तूल आहे असं त्यांना वाटतं, आणि आपल्यालाही. मदत येऊन पोचल्यावर ग्रिफिथ तिचा हात पडदाभर दाखवतो: तो नुसता पाना आहे. हे जवळून दाखवणं दोन मिनिटं आधी आलं असतं तर गोष्ट मेली असती. जवळून काय दाखवायचं याइतकंच केव्हा दाखवायचं हेही सांगणाऱ्याच्या हातात आलं. असा किस्सा सांगतात की ग्रिफिथच्या मालकांनी तक्रार केली होती, पैसे अख्ख्या नटाचे मोजतोय आणि तुम्ही अर्धाच दाखवता. ग्रिफिथने डिसेंबर १९१३मध्ये वर्तमानपत्रात मोठी जाहिरात देऊन क्लोजअपसकट बऱ्याच तंत्रांचं जनकत्व स्वतःकडे घेतलं. ते खरं नव्हतं, होव्हवाले त्याच्या आधीचे. पण क्लोजअप गोष्टीत रुजवला त्याने, हे मान्य करावं लागतं. १९१६मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांनी सिनेमावर पुस्तक लिहिलं, त्यात म्हटलं की क्लोजअप म्हणजे आपलं लक्ष. मन एखाद्या गोष्टीवर खिळलं की बाकीचं जग विरतं, कॅमेरा तेच बाहेर करून दाखवतो.

मग मॉस्को. क्रांतीनंतरच्या टंचाईत कोरी फिल्म मिळेना, म्हणून लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हापुन्हा जोडून बघत बसत. इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा त्यांनी घेतला. तो एकदा सुपाच्या ताटलीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी. बघणाऱ्यांनी नटाची वाहवा केली म्हणे: भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. ती फिल्म आज उरलेली नाही, कुलेशोव्ह आणि त्याचा शिष्य पुदोव्हकिन यांच्या आठवणींतले तपशीलही जुळत नाहीत, आणि नंतरच्या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा कधी तसा परिणाम मिळाला, कधी नाही. तरी संकलकाच्या टेबलावर या प्रयोगावरचा विश्वास कमी झालेला नाही. चेहऱ्यातला अर्थ नट एकटा आणत नाही. आधीचं दृश्य आणतं, नंतरचं आणतं, आणि उरलेला आपण भरतो. म्हणून क्लोजअपमध्ये नटाने कमी करायचं असतं.

आणि एक गोष्ट रसायनाची. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. ओठ काळे यायचे, कातडीवरचे डाग उठून दिसायचे, म्हणून नटांच्या चेहऱ्यावर जाड लेप असायचा. पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि लाल रंग तिला दिसू लागला. कार्ल ड्रायरने १९२८च्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’मध्ये रंगरंगोटी बंदच केली. रने फाल्कोनेत्तीचा उघडा चेहरा, फुटलेले ओठ, पापणीवर थांबलेलं पाणी, आणि न्यायाधीशांच्या गालावरच्या सुरकुत्या. खोली केवढी आहे, कोण कुठे उभं आहे, हे सिनेमाभर नीट कळत नाही, कारण ड्रायरला चेहऱ्यांखेरीज काही नको आहे. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी बर्लिनच्या आगीत जळाली. ड्रायरच्या मूळ जुळणीची पूर्ण प्रत १९८१ साली ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात कपाटात सापडली, तेव्हा ड्रायरला जाऊन तेरा वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे. आपल्या प्रेक्षकाला चेहरा नवीन नव्हता. देवळात गेलं की आपण मूर्तीच्या मुखाकडे बघतो, गर्दीत टाचा उंचावून का होईना डोळ्याला डोळा भिडला की दर्शन झालं म्हणतो. फाळक्यांची मंदाकिनी आपल्याकडे सरळ बघते तेव्हा त्या सवयीवरच ती उभी आहे. पण सवय दुसरीही होती, नाटकाची. नाटकातला नट शेवटच्या बाकड्यासाठी अभिनय करायचा. आवाज तिथवर, हातवारे तिथवर, डोळ्यांची काजळरेघही तिथवर दिसेल अशी. मराठी सिनेमात या दोन सवयींची गाठ पडली ती प्रभातमध्ये.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली, १९३३ला पुण्यात आली. त्याच वर्षी कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम ‘सैरंध्री’ चित्रपटाच्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले. पुण्याच्या नव्या स्टुडिओत बनलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये बळी देण्याची प्रथा राजा बंद करतो म्हणून राजगुरू त्याच्या जिवावर उठतो. या राजगुरूचा डोळा शांतारामांनी टेलिफोटो भिंगाने टिपला: नुसता डोळा, पडदाभर, जळजळीत. हिंदी आवृत्तीत तो चंद्रमोहनचा, मराठीत राजगुरू होते केशवराव दाते. टेलिफोटो लांबून जवळचं चित्र देतं. नटाच्या नाकाशी कॅमेरा आणून भिडवावा लागत नाही, चेहरा वाकडा होत नाही, मागचं सगळं धूसर होऊन जातं. त्या डोळ्यात धर्माच्या नावाने चालणारी सत्ता दिसते, आणि तिला संवाद लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १९३५मध्ये, प्रभातने रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांना कॅमेऱ्यासमोर आणलं. ‘धर्मात्मा’, एकनाथांची भूमिका, दिग्दर्शक पुन्हा शांताराम. (चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरने बदलायला लावलं.) ज्यांच्या पदाला थिएटर वन्स मोअर मागत असे, ज्यांच्या शालूच्या पदराच्या नुसत्या हालचालीने प्रेक्षक विरघळत असे, तो नट पुरुषवेषात, सत्तेचाळीशीत, प्रेक्षकाविना, दोन-दोन मिनिटांचे तुकडे करत काम करतोय. बालगंधर्वांची कला पूर्ण आकृतीची होती आणि सलग वेळेची होती. ती रंगत चढत जायची, तिला समोरच्या श्वासांची गरज होती. कॅमेरा तिचे तुकडे करतो आणि सर्वांत जवळ येतो तेव्हा म्हणतो, काही करू नका. प्रभातबरोबरचा त्यांचा संसार एका चित्रपटापुढे गेला नाही. त्यात कुणाचा दोष नाही. पण दोन माध्यमांत अंतर किती आहे ते मराठी माणसाला इतकी किंमत मोजून दुसऱ्या कुणी दाखवलं नाही.

केशवराव दातेही नाटकातलेच. पण १९३७च्या ‘कुंकू’त त्यांचे काकासाहेब बघा. तरुण मुलीशी फसवून लग्न केलेला म्हातारा. शांता आपट्यांची नीरा त्याला नवरा मानायला तयार नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, पावलं, एवढेच आवाज. त्या शांततेत दात्यांचा चेहरा आला की कुठलंही वाद्य आपल्याला सांगत नाही, आता राग धरा, आता कीव करा. तिथे दाते फार थोडं करतात. एखादी नजर खाली जाते, ओठ किंचित सैल होतो. ज्याचा संताप यायला हवा त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी वाटू लागतं, आणि मग नीरेचा ठाम चेहरा येतो नि आपण पुन्हा भानावर येतो. तीन वर्षांपूर्वी डोळ्याने भेवडावणारा हाच नट होता. मराठी अभिनयाच्या इतिहासात ही तीन वर्षं मला फार मोलाची वाटतात.

गुरुदत्त १९४४ला पुण्याला प्रभातमध्येच उमेदवारीला लागले. पुढे मुंबईत त्यांचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती. क्लोजअपला ७५ मिलिमीटरचं भिंग ही त्यांची खासियत झाली. ‘प्यासा’त वहिदा रेहमान ऐकत असते तेव्हा कॅमेरा तिच्याजवळ जातो, बोलणाऱ्याजवळ नाही. ऐकणारा चेहरा दाखवणं हा गुरुदत्तांचा मोठा शोध मी मानतो. गाणं कुणाच्या मनात उतरतंय ते त्यात दिसतं. १९५९ला ‘कागज़ के फूल’ सिनेमास्कोपमध्ये आला, भारतातला पहिला. रुंद पडद्यावर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा पडते. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांनी जवळचे चेहरे असे फुगायचे की हॉलिवूडच्या कॅमेरामननी त्याला गालगुंड नाव ठेवलं होतं. सर्जिओ लिओनेने १९६०च्या दशकात त्या रुंदीवर उतारा काढला: नुसते दोन डोळे घ्यायचे, ते बरोबर बसतात. आणि १९७५च्या ‘शोले’त रमेश सिप्पी आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांनी उलट केलं. गब्बरचे आधी बूट दिसतात, दगडावर खरडत जाणारा पट्टा दिसतो, आवाज येतो. चेहरा थांबवून ठेवलेला असतो. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पुढे जमिनीवर बसून मी तो बघितला. चेहरा आला तेव्हा भीती वाटली ती चेहऱ्याची नव्हती, तोवर वाट बघायला लावल्याची होती. हे मला खूप वर्षांनी कळलं.

टीव्हीने वाट बघणं संपवलं. छोट्या पडद्यावर लांबचं काही दिसतच नाही, म्हणून सगळं जवळ आणावं लागलं. १९८७च्या ‘रामायण’मध्ये रामाच्या स्मितहास्यावर कॅमेरा थांबायचा आणि घरोघरी लोक टीव्हीला हार घालायचे, दर्शनाची जुनी सवय तिथे पुन्हा कामाला आली. रोजच्या मालिका आल्यावर मात्र क्लोजअप स्वस्त पडतो म्हणून वापरला जाऊ लागला. सेट कमी दिसतो, प्रकाशयोजना कमी लागते, एका दिवसात जास्त मिनिटं हाताला लागतात. एक वाक्य आणि खोलीतल्या सहाही जणांचे चेहरे, प्रत्येकावर तोच ढणढणाट. काम करणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण या पद्धतीने प्रेक्षकाची नजर बोथट केली आहे, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. सहाही चेहरे सारखेच जवळ असतील तर कुणाकडे बघायचं?

याला उत्तर मराठी सिनेमातूनच आलं. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने (२०१४) कॅमेरा लांब नेऊन ठेवला. न्यायालय, बाकडी, वाट बघणारी माणसं, सगळी एकाच अंतरावर. कुणाच्या बाजूने हळहळायचं हे तो सांगत नाही, आपण चौकटीत शोधत राहतो. आणि त्याच्या आदल्या वर्षीचा नागराज मंजुळेचा ‘फँड्री’. जब्या शाळेत जाणारा कैकाडी मुलगा. शाळेतल्या शालूवर जीव जडलेला, आणि घरच्यांबरोबर डुक्कर धरायला जावं लागतंय ते तिने बघू नये म्हणून भिंतीआड लपणारा. मंजुळे त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, पण मोजून. पाठलाग चालू असताना कडेला उभं राहून हसणारे चेहरे दिसतात, मोबाइलवर फोटो काढणारे दिसतात. मग धरलेलं डुक्कर काठीला बांधून घरची माणसं शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या डॉ. आंबेडकर आणि इतर महापुरुषांच्या चेहऱ्यांसमोरून चालत जातात. ते चेहरे बघत असतात. आणि शेवटी डिवचणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

जस्टस बार्न्सने झाडलेली गोळीही अशीच थेट आपल्याकडे आली होती, ‘फँड्री’च्या एकशे दहा वर्षं आधी. ती सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, कंपनीची हरकत नव्हती. ‘फँड्री’ बघितला असेल तर मनातल्या मनात तो दगड उचलून चित्रपटाच्या सुरुवातीला ठेवून बघा. तो कुणालाच लागणार नाही.